बांधाजवळचे झाड

मोहाडी, आश्विन शुद्ध नवमी, सायंकाळ

परसातील झेंडू वर्षागणिक लहान होत चालला आहे. मी दोष मातीला दिला, खत बदलले, पाणी मोजून घातले. व्यर्थ. आज तोरणासाठी फुले तोडताना सून हसून म्हणाली, "मामाजी, मोठं फूल तं आपन दरसाली दसऱ्याले तोडतो. बी धरतो उरल्यासुरल्याचं. मंग पिल्लं कोनावर जातीन?"

आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले, आणि हे मला दिसू नये? एकाच वाफ्यात टपोरे झाड आणि खुरटे झाड, हा भेद दरवर्षी समोर होता. निवडही मीच करत होतो, पण उलटी.

बांधाजवळ एक झाड आहे. दिवंगत पत्नीने पवनीहून, माहेरहून आणलेल्या बियाण्याची गर्द केशरी, मुठीएवढी फुले आता त्या एकाच झाडाला येतात. ती तोरणात गेली तर वाण संपला. राखली तरी हमी नाही. शेजारच्या खुरट्यांचा पराग त्यांवर पडलेला असणारच. तरीही...

मी त्या झाडाला लाल दोरा बांधला.

"याले नाही तोडाचं?"

"नाही. फुले झाडावरच वाळू दे."

"अन् देव रुसला तं?"

तोरण लहान फुलांचेच झाले. सून आत गेल्यावर मी पुन्हा बांधाजवळच्या झाडापाशी गेलो आणि, कोणी पाहत नाही याची खात्री करून, तेथेच हात जोडले.