ओवाळताना दिलेला शब्द

१२ मार्च २००७, सोम.
शाळेत पालकांची सभा. आमची शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन करायचा कौन्सिलचा प्रस्ताव. हेडबाई हसतमुखानं सांगत होत्या. कर्णबधिर मुलांच्या युनिटचं काय, विचारलं, तर "ते अजून ठरायचंय". सगळं ठरलं की असंच म्हणतात. युनिटची शिक्षिका ग्वेन मागे भिंतीला टेकून उभी. डोळे लाल.
येताना लेकीनं, सईनं, हातांनी विचारलं, ग्वेनला सर्दी झालीय? हो म्हटलं.
कार्डिफला आलो तेव्हा सई पाच वर्षांची होती आणि तहान लागली हे सांगायलाही तिच्याकडे शब्द नव्हता. आता आठव्या वर्षी माझ्याशी भांडते. हे ग्वेनचं काम. सईसाठी माझं बी.एड. आणि नवऱ्याची, प्रकाशची, डॉक्टरकी दोन्ही कपाटातच होती तेव्हा.

१६ मार्च, शुक्र.
दारावर वेल्सच्या असेंब्लीची उमेदवार, मेमध्ये निवडणूक. गुडघ्यापर्यंत बूट. बूटबाई. "तुम्हाला मत देता येतं?" तिलाच आश्चर्य. येतं म्हटलं, कॉमनवेल्थचे आहोत. सरकारी पैशाला हात लावायचा नाही असा शिक्का पासपोर्टवर, पण मत चालतं.
शिक्षणाचं धोरण: नव्या इमारती, वर्गावर्गात कॉम्प्युटर. आणि आमचं युनिट? "शाळा हा कौन्सिलचा विषय."
कौन्सिलला फोन केला. "हरकती आल्या तर शेवटचा निर्णय असेंब्लीतल्या मंत्र्यांचा."
पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा तिथेही टोलवाटोलवी होती. निदान चहा पाजून करायचे.

२० मार्च, मंगळ.
आज सध्याचे सदस्य आले, पुन्हा उभे आहेत. घरात येऊनही मफलर काढला नाही. मफलरच म्हणते त्यांना. धोरण: मुलांना फुकट नाश्ता, आणि लहान शाळा जपणार, "जिथे शक्य असेल तिथे". या शेपटात सगळं आलं. युनिटचं विचारेपर्यंत शेजारची बेल वाजवायला गेलेसुद्धा.

२१ मार्च, बुध.
काणेकाकांचा फोन. रिटायर्ड सर्जन, इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि प्रकाशची इथली पहिली नोकरी त्यांच्या शब्दावर. रविवारी मंडळाचा पाडवा आहे, दोन्ही उमेदवारांना बोलावलंय. शाल, श्रीफळ, औक्षण.
म्हटलं, काका, थोडी प्रश्नोत्तरं ठेवू या? "अगं, सत्कार आहे हा, पब्लिक मीटिंग नव्हे. पाहुण्याला घरी बोलावून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात का?"
मंडळाचीही शैक्षणिक मागणी आहे म्हणे. शनिवारच्या मराठी वर्गासाठी फुकट हॉल. "शिकवशील ना तू?" माझ्या मुलीला जी कधी ऐकू येणार नाही ती भाषा दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायची. शिकवीनही. पण सईच्या शाळेचं एका वाक्यानं विचारलं नाही काकांनी. त्यांचे नातू प्रायव्हेटमध्ये.
प्रकाश: "वैशू, डिसेंबरमध्ये व्हिसा रिन्यूअल आहे. लो प्रोफाइल राहू या." प्रश्न विचारला म्हणून कुणाचा व्हिसा गेलाय? "तसं नाही गं." 

२५ मार्च, रवि.
औक्षण माझ्याकडेच आलं. काणेकाकूंचे गुडघे.
भाषणं. दोघांनीही सांगितलं की तुमचा समाज शिक्षणाला फार महत्त्व देतो. टाळ्या. आपली स्तुती आपल्याला कधी जास्त होत नाही.
बूटबाई कुंकू लावताना खिदळली आणि निसटली. मग मफलर. निरांजन तोंडासमोर फिरत असलं की माणसाला हलता येत नाही, हे मला तिथेच कळलं. म्हणून ओवाळत राहिले आणि हळूच विचारलं, कर्णबधिर मुलांचं युनिट बंद होणार का? नुसते हसले. पुन्हा विचारलं. काकूंनी मागून "अगं, पुरे, तूप संपेल" म्हटलं. मफलरनं ज्योतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी तुमचा सदस्य असेपर्यंत ते युनिट बंद होणार नाही. शब्द देतो."
फोटो निघाला. सनईची सीडी एवढ्या मोठ्यानं लावलेली की शेजारी उभ्या काकांनाही काही कळलं नाही.
गाडीत बसल्यावर सईचे हात: तो म्हणाला, बंद होणार नाही. प्रॉमिस. पहिल्या रांगेतून ओठ वाचले होते. भरल्या हॉलमध्ये साक्षीदार एकच, आणि ती ही.

१९ एप्रिल, गुरु.
मफलरचं पत्रक आलं. मी, पैठणी, तबक, आणि ते. खाली: शिक्षणविषयक भूमिकेबद्दल आभार मानताना स्थानिक आई.
मी आभार मानत नव्हते. युनिटचा पत्रकात उल्लेखही नाही. काका खूश, "आपला समाज दिसला." प्रकाशनं पुण्याला पाठवायला तीन प्रती ठेवल्या. माझं डोकं दुखतंय असं सांगून वर आले.

३ मे, गुरु.
मत दिलं. मफलरला. दुसरं कोणाला देणार? बूथमध्ये पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. मत विश्वासानं मागतात आणि पेन्सिल बांधून ठेवतात.

४ मे, शुक्र.
निवडून आले. काकांकडून पेढे. सईनं दोन खाल्ले, म्हणाली, आता युनिट राहणार. मीही खाल्ला.

२२ जून, शुक्र.
त्यांच्या ऑफिसात भेट. सईला मुद्दाम नेलं. चहा, बिस्किटं. विलीनीकरणाला त्यांचा पाठिंबा आहे. युनिट बंद होत नाहीये, म्हणाले. मुलं आपापल्या भागातल्या साध्या वर्गांत सामावली जाणार. इन्क्लूजन. ग्वेनसारखी कुणीतरी आठवड्यातून एकदा येऊन जाईल. म्हणजे एकेका शाळेत एकेक बहिरं मूल, आणि बोलायला कुणी नाही. याला बंद म्हणायचं नाही.
सईची नजर त्यांच्या तोंडावर. मग माझ्याकडे वळून हात: हाच तो. यानं प्रॉमिस केलं होतं.
"काय म्हणतेय ती?" अगदी प्रेमानं विचारलं त्यांनी. जसंच्या तसं सांगितलं. बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. "फार हुशार मुलगी आहे तुमची." त्या दिवशी जे म्हणालो ते मनापासून होतं, त्यावर मी आजही ठाम आहे, वगैरे. सईला स्वतःचं नाव छापलेलं पेन दिलं. निघताना तिनं ते टेबलावर परत ठेवलं. मी सांगितलं नव्हतं.
सरळ खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

११ जुलै, बुध.
ग्वेन चालली. ब्रिस्टलला नोकरी मिळाली. "मी निर्णयाची वाट बघत बसू शकत नाही, वैशाली." बरोबरच आहे तिचं. तरी राग आला, आणि तो सगळा घरी प्रकाशवर निघाला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "औक्षणात विचारायलाच नको होतंस. तिथे कोण खरं बोलतं?"
 पालकांनी हरकती नोंदवल्यात. आता निर्णय मंत्र्यांचा, सुट्टीनंतर.

२ सप्टें., रवि.
काकांचा फोन. शनिवारचा हॉल मिळाला, फुकट. मफलरनंच करून दिलं. "तुझ्या ओवाळण्याचा गुण बरं का." पंधराला गणपती, ते आरतीला येणार, औक्षण तूच कर. बघते म्हटलं. शाळेचा निर्णय अजून नाही.
फोन ठेवला तर सई समोर. माझा चेहरा ती वाचतेच. काय झालं? सांगितलं. विचार केला आणि हात आले: या वेळी मी विचारणार. तोंडानं.
 गेल्या वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाला मुलांनी तिच्या आवाजाची नक्कल केली. तेव्हापासून बाहेर फक्त हात. आणि आता हॉलभर माणसांत, त्या माणसासमोर? हसले तर? हसणार नाहीत, कौतुक करतील, तेही तितकंच वाईट.
नको म्हणायला वर गेले. आरशासमोर बसली होती. "यू प्रॉमिस्ड." पुन्हा. "यू प्रॉमिस्ड." शेवटचा आवाज घशातच राहतो. गळ्यावर बोटं ठेवून तपासत होती, ग्वेननं शिकवलंय तसं.
प्रकाश दाराशी उभा होता. किती वेळ, माहीत नाही. मला वाटलं, व्हिसा म्हणेल.
"काकांना सांग," म्हणाला, "त्या वेळी सनई बंद ठेवा."
मी अजून काकांना फोन केलेला नाही. वरून आवाज येतोय.