खडूचं मशीन

३ फेब्रुवारी, सोमवार

हे म्हणतात बँडसॉ घरात आणायचा. घरात! जिथे ठकी दिवसभर रांगत असते, हाताला येईल ते तोंडात घालते, तिथे.

मी विचारलं ते नक्की असतं कसं. यांनी दोन ताटल्या घेतल्या, एक वर धरली, एक खाली, आणि म्हणाले, ही दोन चाकं, यांच्यावरनं दातांची पट्टी गरागरा फिरते, मधे लाकूड घालायचं. मी म्हटलं, आणि बोटं?

हे ताटल्या परत मांडणीवर ठेवायला गेले.

गरज आहे हे मलाही कळतं. बालवाडीच्या बाईंना मुलांसाठी लाकडी खुर्च्या हव्यात, गोल पाठीच्या, सगळ्या वर्गांसाठी. पहिली खुर्ची पसंत पडली तर बाकीचं काम यांनाच. हातकरवतीनं गोल कापता कापता यांचं मनगट सुजून पाव झालंय. हे काम नाही झालं तर परगावच्या कारखान्यात जावं लागणार. तिथेच राहायचं, सुट्टीला तेवढं घरी यायचं. म्हणजे मी, सासूबाई आणि ठकी. रात्री नळ टपकला तरी मला धस्स होतं. मी कशी राहू?

मशीन आलं तरी भीती, नाही आलं तरी भीती. देवा, एक काहीतरी दे घाबरायला.

४ फेब्रुवारी

ठकीच्या तोंडातून आज लाकडाची ढलपी काढली. मशीन नको.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मशीनच्या दुकानात गेलो. मीच म्हटलं मला बघायचंय. ठकीला सासूबाईंकडे ठेवलं.

दुकानदार बरा माणूस आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं. तीन मशीनं दाखवली. एक छोटं, टेबलावर ठेवायचं, स्वस्त. एक भलंमोठं, कपाटाएवढं, त्याची किंमत ऐकून यांनी नुसती मान हलवली. आणि एक मधलं. छोट्यापेक्षा बरंच महाग, पण अगदीच आवाक्याबाहेर नाही.

हे आणि तो पात्याची रुंदी, मोटर, किती जाड लाकूड आत जातं असलं बोलत होते. मी मधेच विचारलं, बटण बंद केल्यावर ते थांबतं कधी?

दुकानदार म्हणाला, थांबतं की ताई. मी म्हटलं, करून दाखवा.

त्यानं छोटं चालू केलं आणि बंद केलं. मी मनात ठकीची अंगाई म्हणायला घेतली. एक कडवं झालं, दुसरं लागलं, तरी पट्टी आपली फिरतेच आहे, सुस्तावल्यासारखी! आवाज गेलेला, म्हणजे माणसाला वाटणार थांबलं. मग मधलं. त्याला खाली पायाचा ब्रेक आहे. पहिली ओळ संपायच्या आत थांबलं. शिवाय चाकावरचं दार उघडं असेल तर ते चालूच होत नाही. दुकानदारानं दार उघडून चार वेळा बटण दाबून दाखवलं. पाचव्यांदा मीच दाबलं. नाही झालं.

येताना हे म्हणाले, मधल्याचं टेबल जरा हलत होतं. मला तर काही हलताना दिसलं नाही.

७ फेब्रुवारी

मी म्हटलं, आणायच्या आधी त्याच्याबरोबर राहून बघू. ठकीचा पाळणा घेतला तेव्हासुद्धा मी आधी तेवढ्या जागेत उशा मांडून आठवडाभर वावरले होते. सगळे हसले होते, हसू देत.

मग बाहेरच्या खोलीत, जिथे हे काम करतात, तिथे फरशीवर खडूनं मशीन काढलं. आधी सगळ्यात मोठं. नियम असा की रेघेच्या आत पाय टाकायचा नाही. आत मशीन आहे असंच धरायचं. टाकला तर त्या दिवशीची भांडी त्यानं घासायची.

सासूबाई त्याच खोलीत झोपतात, रात्री त्यांचा दिवाण उघडेना. त्या म्हणाल्या, मग असं करा, मशीनला दिवाणावर झोपवा, मी राहते उभी.

भांडी मात्र संध्याकाळी यांनीच घासली.

९ फेब्रुवारी, रविवार

मोठं पुसलं, छोटं काढलं. जागाच जागा! मी खूष. पण यांनी खुर्चीच्या पाठीचा पुठ्ठा कापला आणि पातं कुठे, मागचा खांब कुठे ते मापानं मांडलं. पुठ्ठा वळवायला गेलं की खांबाला अडतो. गोल पाठ त्यात निघतच नाही. ज्याच्यासाठी आणायचं तेच होणार नाही, तर ते घेऊन काय त्याच्यावर टीव्ही ठेवायचा?

छोटं पुसलं, मधलं काढलं. पुठ्ठा वळला. दिवाणही उघडला. सासूबाई रेघेला वळसा घालताना म्हणाल्या, जरा सरक गं बाई, तुझ्या माहेरचं घर नाही हे. आता त्या त्याच्याशी बोलायला लागल्यात. मला हसू आवरेना.

११ फेब्रुवारी, मंगळवार



आम्ही मशीन काढलं, पण फळी काढलीच नव्हती! मशीन एका जागी उभं राहतं, फळी नाही राहत. ती एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. मला हे कपडे वाळत घालताना सुचलं. वाळत घालायची लांब काठी आणून यांच्या हातात दिली, म्हटलं, ही फळी समजा, तिथे उभे राहा आणि ढकला. यांनी ढकलली. काठीचं टोक सरळ स्वयंपाकघराच्या दारातून आत. आणि त्याच दारातून ठकी रांगत बाहेर येत होती. टोक तिच्या डोक्यावरनं गेलं.

नुसती काठी होती. तरी मी तिला उचलून किती वेळ धरून बसले.

मग मी खडू घेतला आणि मशीनचं तोंड खिडकीकडे फिरवलं. फळी आता खिडकीतून बाहेर जाईल, बाहेर जाऊ दे लागेल तेवढी. यांनी पुन्हा काठी ढकलली. थोड्या वेळानं मागे ओढायला लागले तर येईना. बघतो तर शेजारच्या काकूंनी तिच्यावर टॉवेल वाळत घातलेला! काकू म्हणतात, मला वाटलं तुम्ही सोय केलीत.

ठकीसाठी स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी बसवायची, मशीन चालू असेल तेव्हा ठकी पलीकडे स्वयंपाकघरात. हेसुद्धा ठरलं.

आणि मी म्हटलं, आता आणा. मी. माझ्या तोंडानं!

यांचा चेहरा खुलेल असं वाटलं होतं.

१३ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय. काल म्हणाले, चाकांवरचं रबर चांगलं वाटत नाही. आज म्हणाले, मार्चनंतर नवं येईल म्हणतात, थांबू जरा. बालवाडीच्या बाई थांबतील का?

आणि आत्ता मी पीठ मळत होते, बाहेर हे दुकानदाराशी फोनवर बोलत होते. ऐकलं मी. "काय करणार, बायको तयार नाही हो अजून."

मी! खडू घेऊन गुडघे फोडले ती मी!

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस बोलले नाही. आज चहा त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, माझ्या नावावर काय खपवताय.

त्यांनी कप उचलला, पुन्हा बशीत ठेवला. मग सांगितलं. आधीच्या कामावर यांच्या शेजारी एक जुने मिस्त्री उभे असायचे. बँडसॉवरच. एका दुपारी कोणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी मान वळवली. पुढचं यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते काम लांब पडतं म्हणून सोडलं असं मला सांगितलं होतं. त्या दिवसापासून यांनी त्या मशीनला हात लावलेला नाही. मंगळवारी खडूच्या मशीनपुढे उभं राहून काठी ढकलताना यांना घाम फुटला होता. मला वाटलेलं उकडतंय.

"तू नाही म्हणशील, या भरवशावर होतो मी."

"आणि मी हो म्हटलं."

"हो म्हणालीस ना! तिथेच फसलो."

मी म्हटलं, मग कारखान्यात काय करणार होता, तिथे तर ह्याहून मोठी मशीनं. तर म्हणाले, पॅकिंगला घेणार होते. इतका चांगला सुतार आणि खोकी बांधणार!

मला राग यायला हवा होता. पण मला इतकं हसू आलं की ठकी दचकून रडायला लागली. लग्न झाल्यापासून मी समजत होते, या घरात भित्री मी एकटीच. मी त्यांना म्हटलं, घाबरायचं काय, मी रोज घाबरते आणि रोज चूल पेटवते.

तेही हसले, पण डोळे पुसत.

सासूबाई आतून म्हणाल्या, चहा गार झाला असेल तर दोघांनाही पुन्हा करून देते. म्हणजे सगळं ऐकत होत्या.

१७ फेब्रुवारी

दुकानदाराला मीच फोन केला. म्हटलं, बायको तयार आहे, मधलं पाठवा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आलं! खडूच्या रेघांवर बरोबर बसलं. दोघा हमालांना मी सांगत होते, इकडे, अजून इकडे, तोंड खिडकीला. मशीन बसवणारा माणूस म्हणाला, ताई, तुम्ही आधी कुठे कामाला होता? मी म्हटलं, इथेच.

तो यांना शिकवायला लागला तर हे दाराशी, हात मागे बांधून. मग तो मला शिकवायला लागला. पातं किती ताणायचं, बोटानं बाजूनं दाबून कसं बघायचं. वरचं कव्हर लाकडाच्या अगदी जवळ आणायचं, उगीच पातं उघडं ठेवायचं नाही. हात कधी पात्याच्या रेषेत नाही, बाजूला. लहान तुकडा हातानं नाही, दुसऱ्या लाकडानं ढकलायचा. आणि काम चालू असताना कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. आधी बटण, मग ब्रेक, मग ओ.

हे तेवढ्यात बाहेर गेले. मी प्रत्येक गोष्ट त्याच्याकडून दोनदा करून घेतली आणि मग तीनदा स्वतः केली. तो कंटाळला नसावा. कंटाळला असेल तर कंटाळू दे.

घरात आता नियम आहे. मशीन चालू असताना मला कोणीही हाक मारायची नाही. दूध उतू गेलं तरी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिली खुर्ची झाली. बालवाडीच्या बाई बघायला आल्या. गोल पाठीवरनं हात फिरवला, बसूनही बघितलं, सगळं काम देते म्हणाल्या. हे पायरीवर ठकीला भात भरवत होते. बाईंनी विचारलं, कापलंय कोणी इतकं सुरेख? सुतार कुठे आहेत?

यांनी भाताचा हात माझ्याकडे केला.