बिबट्याच्या पिल्लाचं घोंगडं

पिंपळवंडी, मंगळवार

प्रिय वासंतीस,

मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो. तुझ्या शालीबद्दल शेवटी लिहितो.

मुलांच्या निसर्ग शिबिरात मी सांगितलं, बिबट्याला संस्कृतात 'द्वीपी' म्हणतात. पप्पू म्हणाला, "सर, बिबट्याच म्हना. त्याला बी कळाया पायजे."

काल ऊसतोडीत बिबट्याचं पिल्लू सापडलं. घसा कोरडा होईतो सांगितलं, की उघड्या हातानं शिवू नका, टोमॅटोच्या क्रेटमध्ये इथंच ठेवा, आई येऊन नेईल. वळून बघतो तर मेंढरंवाल्या सुंदराबाई त्याला घोंगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेल्या.

"गारठलंय वो मास्तर. तुमाला ठिवलं आसतं का आसं उघडं?"

वनखात्याच्या माणसांनी कपाळाला हात लावला. सोडवायला गेलं की पिल्लू फिस्कारे, म्हणून घोंगड्यासकट क्रेटमध्ये ठेवलं. मेंढरांच्या वासानं आई त्याला टाकून गेली तर, या विचारानं मला चहासुद्धा गेला नाही.

दिवेलागणीला आम्ही लांब गाडीत, काचा बंद करून बसलो होतो (हे नीट वाच). ती आली. बराच वेळ हुंगत राहिली. मग पिल्लाला मानेला धरून उसात शिरली आणि घोंगडं मागून फरफटत गेलं.

सुंदराबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता मी काय पांघरू?" आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

तेव्हा शाल त्यांच्याकडे आहे. दुसरी पाठव, आणि तुझा गुडघा कसा आहे ते खरं कळव.

काचा बंद ठेवणारा,
तुझा मोरेश्वर