चांगुणाने हातोडा खाली ठेवला

घोडेगाव, मार्च १९७३

रा. रा. गोरक्षनाथराव मेहुणे यांसी आबासाहेबाचा रामराम.

कोल्हारला नदीत डबकी तरी उरली आहेत हे ऐकून बरं वाटलं. वहिनींच्या गुडघ्यांना उतार असेल. इकडं तुमची बहीण चांगुणा खुशाल आहे, मी कसाबसा आहे.

दुष्काळी रस्त्याच्या कामावर मी मुकादम आणि चांगुणा खडी फोडायला, हे तुम्हांला ठाऊकच आहे. (घरी मुकादम कोण, ते विचारू नका.) परवा कामाला हात लावायच्या आधीच तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "बाप्यांची खडी आन बायांची खडी एकाच रस्त्यावर पडती, मंग आमाला मजुरी कमी का?" मी म्हणालो, वरूनच तसा दर आला आहे. "मंग वरच्यांनाच फोडू द्या," म्हणाली आणि हातोडा खाली ठेवून लिंबाखाली जाऊन बसली. पाठोपाठ सगळ्या बाया. भीमाबाई तर पदर अंथरून घोरायलाच लागल्या.

गडी आधी हसले. पण फोडलेली खडी पाट्यांनी वाहणार कोण? ढीग साचले, रोलर उभा राहिला. काम बंद म्हणजे गावाची चूल बंद. शेवटी इरेला पेटून मीच पाटी डोक्यावर घेतली. दुसऱ्याच खेपेला पाटी वर, मी खाली. (बाया हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं, ते लिहीत नाही.)

तेवढ्यात साहेबांची जीप आली. "काम का बंद?" साहेब कडाडले. मी अंगावरची खडी झटकत होतो. चांगुणा उठली, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "सायेब, बायांना ऊन कमी लागतं व्हय?" साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. (तिच्यापुढं मी तर लग्नापासून पुसतोय.) अखेर आमच्या कामावर सगळ्यांना एकच दर, असं कबूल करून गेले.

'वरून दर आला' म्हणालो म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. त्यात पलीकडच्या कामावरच्या बायांनी तिला बोलावणं धाडलंय. बाई पुढारी व्हायच्या आत येऊन तिला चार शब्द सांगावेत, ही विनंती.

आपला,
आबासाहेब

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. कालपासून ती बोलते आहे, तेव्हा चार शब्द राहू द्या. गुरुवारी ती तिकडं जाणार. तिथला मुकादम तोंडाचा फटकळ आहे, म्हणून मीही जातोय.

पुन्हा ता. क. तुम्ही बुधवारीच या. शेळ्यांची धार काढायची आहे आणि धाकटीची वेणी घालायची आहे. तिकडं मी काही बोलायचं नाही, पाण्याची घागर तेवढी घेऊन उभं राहायचं, असं ठरलं आहे.