पुसायचं काम माझं

अब्बा, आज मला इतकं हसू येतंय की नीट बसून लिहवत नाहीये, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवणारही नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये नेलं होतं, आठवतं? तुम्ही चिंध्या आणि रॉकेल घेऊन तुमचं लेथ मशीन पुसताय, मी कडेला उभी. मी विचारते, ‘पूजा तर बाकीचे कामगार करणार, मग तुम्ही का घासताय?’ तुम्ही डोळे वटारता. ‘पूजा त्यांची, पण मशीन माझं ना? हार काय ग्रीसवर घालायचा?’ दुसऱ्या दिवशी तुम्ही नमाज पढून कामावर गेलात आणि संध्याकाळी माझ्यासाठी रुमालात पेढा बांधून आणलात.

आता चाकणच्या कंपनीत एक अख्खी प्रॉडक्शन लाइन माझ्या हाताखाली आहे. या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठला कोण माणूस, आपल्या धर्माच्या नावानं ओरडत होता, दुसऱ्यांच्या सणात पाऊल टाकणारा मुसलमानच नव्हे म्हणून! झालं. काल खंडेनवमीच्या पूजेची तयारी सुरू, आणि मला कुणी हाकच मारेना. मी गेले की बोलणं बंद. शेवटी आमच्या फोरमनकाकांना गाठलं. इथल्याच गावचे, सरळ माणूस. कान खाजवत म्हणाले, “मॅडम, तुमास्नी चालत न्हाई नव्हं? त्यो व्हिडिओत सांगत व्हता. उगा वाईट वाटाया नको, म्हणून उद्याची सुट्टी बी सांगून ठेवलीया तुमची.”

कुणी टोमणा मारला असता तर मी गिळला असता, अब्बा. या काळजीनं मात्र डोकंच फिरलं. “काका, रोज तुमच्यासमोर डबा खाते मी. मला विचारायचं की! त्या ओरडणाऱ्याला काय विचारता? सुट्टी रद्द करा, आणि चिंध्या कुठे आहेत ते सांगा.” बाह्या सारून मी मशीन पुसायला लागले. काकांनीही एक चिंधी उचलली. मग बाकीचेही आले.

आज पूजा झाली. मी हात जोडले नाहीत, तुम्हीही जोडत नव्हतात. हार नीट बसला का तेवढं बघितलं. मशीन असं चकाकत होतं! काका ताट घेऊन समोर आले आणि चक्क विचारलं, “मॅडम, पेढा चालतो का?”

“दोन चालतात,” मी म्हटलं.

सगळी लाइन हसली. दुसरा पेढा तुमच्या नावानं रुमालात बांधला होता. तुम्ही गेल्यापासून लिहिते त्या बाकीच्या चिठ्ठ्यांसारखी हीही कुठे टाकायची नाहीच, म्हणून खरं सांगते: सांगवीचं घर यायच्या आतच मी तो बसमध्ये खाल्ला.