टेकाडातला न खोदलेला खांब

नागसेन, आधी चष्मा शोध. कपाळावरच असेल. बापाचा स्मृतिदिन मायाने फोन केल्याशिवाय तुला कधी आठवला नाही, तेव्हा तुझ्या लक्षात राहील या भरवशावर मी मरणार नाही. लिहवून ठेवते.

मी, पंचफुला शेषराव तेलगोटे, वय चौऱ्याऐंशी, राहणार अकोट, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्या धाकात न येता सांगते आहे. मला अक्षर येत नाही. मी सांगते, वकील ज्योत्स्नाबाई हिंगणकर लिहितात आणि प्रत्येक कलम मला वाचून दाखवतात. डोकं ठिकाणावर आहे का हे पाहायला डॉक्टर रूपालीताईंनी आजचा वार विचारला. मी बरोबर सांगितला. त्यांनी मात्र मोबाइलमध्ये पाहून खात्री केली.

कलम १. अकोटचं राहतं घर मुलगा नागसेन याला. मोरीचा नळ गळतो, तोही त्यालाच.

कलम २. सोन्याची पोत, पितळी भांडी आणि बँकेतली ठेव मुलगी माया हिला. ती अमरावतीला कॉलेजात शिकवते, तिला एवढ्या मोठ्या गंज-पातेल्यांची गरज नाही हे मला ठाऊक आहे. तरी घे बाई.

कलम ३. माझे यजमान, कालकथित शेषराव, जुनी गावं खोदून काढायचे. त्यांच्या करण्या, ब्रश, चाळण्या आणि सगळी पुस्तकं मायाला. त्यांनी लिहिलेलं पुस्तक बाहेरदेशी शिकवतात म्हणे. मी ते वर्षानुवर्षं पुसलं, वाचलं नाही. त्याच्यावरून भांडणाऱ्यांपैकी पुष्कळांनी माझ्याइतकंही हाताळलं नसेल.

कलम ४. आता ज्याच्यापायी झोप लागत नाही ते. सावरखेड शिवारातलं शेत माझ्या नावावर आहे. लोक पगारातून प्लॉट घेतात, आमच्या यजमानांनी टेकाड घेतलं. जुन्या गावाच्या पांढऱ्या मातीची ती रास. गाववाले भिंतींना आणि शेतात टाकायला तिथून गाडीगाडी माती नेत, ते थांबावं म्हणून त्यांनी अख्खं शेतच घेतलं. मी तेव्हा अबोला धरला होता. त्यांच्या तो लक्षातही आला नाही.

याच टेकाडाने त्यांना मोठं केलं आणि यानेच खाली आणलं. पांढरीच्या तळाशी, काळ्या मातीत, त्यांना एक भट्टी सापडली आणि भट्टीत लोखंडाचा गोळा. लोक समजतात त्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडात लोखंड गाळलं जात होतं, असं त्यांनी मांडलं. दिल्लीपर्यंत भाषणं झाली. लांबून मुलं शिकायला आली, त्यातलाच हा किशोर अढाऊ. पुढे त्यानेच लिहिलं, की सरांची भट्टी जुनी आहे, पण लोखंड वरच्या थरातलं, नंतरचं आहे. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, त्या भेगेतून ते खाली गेलं. किशोरने चूक म्हटलं, लोकांनी चोर केलं. तेलगोट्यांनी तो गोळा स्वतःच नेऊन ठेवला, असं बोलणारे निघाले. किशोर, तू तेव्हा तोंड शिवून का बसलास? हा राग मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेते.

पुढची गोष्ट मायाला आज पहिल्यांदा कळते आहे. किशोरचा लेख आला त्या उन्हाळ्यात, त्याच शेतात, माझं चांदीचं जोडवं भेगेत गेलं. कोपरापर्यंत हात घातला, लागलं नाही. घरी येऊन यजमानांना विचारलं, "तुमचं लोखंडबी असंच गेलं असंन का?" त्यांनी पानाला चुना लावला, घडी घातली. मग म्हणाले, "असू शकते, पंचफुला. मले नाई वाटत. पन असू शकते."

खोदताना दोन खड्ड्यांच्या मधे मातीचा एक उभा खांब त्यांनी मुद्दाम तसाच सोडला होता. अर्धी भट्टी अजून त्याच्या पोटात आहे. वर टिनाचं छप्पर घातलं आहे. त्यात लोखंड निघालं आणि वरून भेग आलेली नसली, तर ते खरे. भेग दिसली, तर किशोर खरा. मी म्हटलं, मग खोदा ना. तर म्हणाले, "म्या खोदला तं कोन मानीन? माह्याच हातचं होईन ते." आणि तसेच गेले.

नागसेनला तिथे संत्री लावायची आहेत. शेंदूरजनाघाटचे सासरे कलमं देणार आहेत. "आई, मातीचं ढेकूळ हाय ते. जेसीबी एका सकाळी साफ करते." पोरगा दुष्ट नाही. बाप त्याच्या शाळेत कधी आला नाही, टेकाडावर असायचा. पण रस्त्यावर जेसीबी वाजला की मी दारात येते, सावरखेडच्या वाटेला तर लागला नाही ना म्हणून. मी गेल्यावर दारात कोण येईल?

कलम ५. म्हणून टेकाड सोडून बाकीचं शेत नागसेनला. टेकाड मायाला. आणि सरकारी परवानगी काढून तो खांब खोदण्याचा हक्क फक्त किशोर अढाऊ याला.

इथे मायाने ज्योत्स्नाबाईंचा हात धरला. "आई, काहून? बाबाले बदनाम केलं त्यानं. त्याले देतं तू?"

"तू खोदून 'बाबा खरे' म्हटलं, तं कोन आयकन?"

"अन् बाबा खोटे निघाले तं?"

"खोटे नाई, चुकले. चोर नोयते, चुकले, एवढं तरी त्याच्या तोंडून लोकाइले आयकू येऊ दे."

ज्योत्स्नाबाई, हे बोलणंही लिहा. नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीला कळलं नव्हतं.

कलम ६. अटी. खोदताना माया समोर असावी. निघेल ते, जसं निघेल तसं, किशोरने छापावं, आणि हा खांब सरांनी स्वतःच तपासासाठी राखला होता हेही त्यात लिहावं. छापण्याआधी घरी येऊन दोन्ही लेकरांना सांगावं. किशोर नाही म्हणाला, तर मायाने तिच्या बाबांच्या विरुद्ध लिहिणाराच दुसरा कोणी शोधावा, तसे कमी नाहीत. तोवर टेकाडाला यंत्र किंवा नांगर लागला, तर नागसेनच्या वाट्याचं शेत मायाचं होईल. हे मी हसत सांगत नाही, बाळा.

निकाल मला कळणार नाही. याची भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटतं.

वरील मजकूर वाचून दाखवला, मला समजला, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

पंचफुला शेषराव तेलगोटे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. डॉ. रूपाली बोडखे, अकोट (सही)
२. खुशालराव गावंडे, शेजारी, अकोट (सही)

लेखन: ॲड. ज्योत्स्ना हिंगणकर (सही)
स्थळ: अकोट. दिनांक: १४ डिसेंबर २०२४

अंगठा उठल्यावर सांगितलेली ओळ, साक्षीदारांसमक्ष: खोदकाम चालेल तोवर किशोर आणि त्याच्या माणसांना नागसेनच्या घरून डबा जावा. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी, कांदा. भेग निघाली त्या दिवशीही डबा चुकवायचा नाही. त्या दिवशी किशोरच्या भाकरीवर तूप जरा जास्त घाला, कोरडा घास त्याच्या घशाखाली उतरणार नाही.