मागच्या बाकावरची वही

प्रिय ताई,

भाचीला पहिला दात आला, हे तू लिहिलेलं मी शिपायांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मी बरा आहे. काळजी करू नकोस. तुझ्या वाट्याचीही मीच करतो.

इथे शाळेत मात्र महिनाभर नुसता धुमाकूळ होता. चौथीला परदेशी भाषा शिकवायला नव्या बाई आल्यात. त्यांचा आवाज बारीक आणि मुलं एकापेक्षा एक. बाई फळ्याकडे वळल्या की बाकं वाजायची, कुणीतरी मांजर व्हायचं, मग अख्खा वर्गच मांजर. मुख्याध्यापिकांनी बजावलं, शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर तास बंद, आणि बाईंनी दुसरी शाळा बघावी. मला म्हणाल्या, तू मागच्या बाकावर बस आणि दंगेखोरांची नावं लिही. घंटा देणाऱ्याला हे काम! तरी वहीला समास आखला, पेन्सिलीला टोक काढलं आणि बसलो.

पहिल्या दिवशी तीन नावं लिहिली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, मांजर होते ती दोन वेण्यांची मुलगी, आणि तीही फक्त वाचायची पाळी तिच्याजवळ आली की. पुढच्या बाकावरचा वाचायला उठला, की हिचं म्याव. ताई, माझी पेन्सिल तिथेच थांबली. सातवीत मला रोज वर्गाबाहेर काढायचे, आठवतं? मी तुला सांगायचो, मास्तर उगाच खार खातात. खोटं होतं ते. मी कोंबडा व्हायचो. छान आरवायचो. बाहेर उभं केलं की वाचावं लागत नसे.

धीर करून मी बाईंना सांगितलं, पाळीने नको, सगळ्यांना एकदम वाचू द्या. त्या कल्लोळात माझाही आवाज कधी मिसळला, कळलंच नाही. माझं चुकलं की दोन वेण्या मागे वळून कपाळावर हात मारतात आणि म्हणतात, काका, पुन्हा म्हणा, लाजू नका. बाकं अजून वाजतात, पण आता तालात.

शनिवारी मुख्याध्यापिकांनी वही मागितली. दिली, आणि मग आठवलं आत काय आहे ते. तीन नावं, तीही खोडलेली, आणि पुढे अकरा पानं परदेशी शब्द, अर्थासकट, समास सोडून. त्यांनी चष्मा काढून विचारलं, दंगेखोर कुठे आहेत? मी म्हणालो, एकच सापडला, तो मी. तेवढ्यात चौथीचं वाचन भिंतीपलीकडून दणदणत आलं. त्या ऐकत राहिल्या आणि इतक्या हसल्या की चहा सांडला. तास चालू राहिला. बाईही राहिल्या.

आता कामाचं. बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म बाईंनी मला आणून दिलाय. सोबत शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळा सोडली त्या दिवशी मी तो फाडायला निघालो होतो, तेव्हा तू हिसकावून घेतलास आणि तुझ्या कपड्यांच्या घडीत ठेवलास. सासरी जाताना नेलास का, हे विचारायचं इतकी वर्षं धाडस झालं नाही. असेल तर लगेच पाठव. पत्ता मागे दोनदा लिहिलाय; एक पुसला तर दुसरा राहील.

तुझाच,
वर्गात परत आलेला कोंबडा